मुलं दोनच, मग वाढतंय कोण?

गेल्या गणपतीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. रात्रीची आरती आटोपून पडवीत चहा पीत बसलो असताना काकांनी विषय काढला. "काय रे, लोकसंख्येत आपण चीनला मागं टाकलं म्हणतात. इथं तर पहिली ते चौथीची पोरं मिळून एका बाकड्यावर मावतात. घरटी एक, नाहीतर दोन. मग वाढतंय कोण?"

काकांचं गणित वरवर पाहता बिनचूक होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) भारताचा एकूण जननदर 2.0 आला. म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी दोन मुलं. महाराष्ट्रात तर 1.7. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायला साधारण 2.1 लागतो, आणि आपण त्याच्याही खाली आहोत. तरीही संयुक्त राष्ट्रांचा 2024चा अंदाज सांगतो की भारताची लोकसंख्या 2060च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहील आणि 170 कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागेल.

दोनच्या पुढचा तो 0.1 कशाला? निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून. जिथं मुली गर्भातच खुडल्या जातात तिथं 2.1ही पुरत नाही. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 810 मुलीसुद्धा नव्हत्या. आणि अजूनही 'मुलगाच होईल' म्हणून दिवस गेलेल्या बाईला काढे पाजले जातात! मुलगा की मुलगी, हे बापाकडून एक्स गुणसूत्र आलं की वाय, यावर गर्भधारणेच्या क्षणीच ठरून गेलेलं असतं. दुसऱ्या महिन्यातला काढा तिथं काय करणार?

असो. काकांसमोर मी चहाच्या कपबश्या बाजूला सारल्या आणि पेपराच्या कडेला एक काल्पनिक वाडी मांडली. वाडीत तीनच वयोगट: पंचवीसच्या आतली पोरं 1000, पंचवीस ते पन्नासची कर्ती माणसं 600 आणि त्यापुढचे म्हातारे 300. एकूण 1900. पोरं जास्त का? कारण आधीच्या पिढीला चार-चार, पाच-पाच मुलं व्हायची. आता वाडीनं आजपासून ठरवलं, जोडप्याला दोनच मुलं. सोपेपणासाठी मधे कुणी मरत नाही असं धरू. पंचवीस वर्षांनी काय दिसेल? म्हातारे 300 गेले. कर्ते 600 म्हातारे झाले. पोरं 1000 कर्ती झाली आणि त्यांना दोन-दोनच्या हिशोबानं 1000 मुलं झाली. बेरीज 2600. आणखी पंचवीस वर्षांनी तिन्ही गटांत हजार-हजार, म्हणजे 3000. एकाही जोडप्यानं नियम मोडला नाही, तरी 1900ची वाडी 3000वर गेली.

मुलं दोनच, पण आईबाप जास्त. सगळी गंमत एवढीच आहे.

काका म्हणाले, "पण आता तर दोनाच्याही खाली गेलोत ना?" मग प्रत्येक पिढी मागच्यापेक्षा दहा टक्के लहान धरली. बेरजा आल्या 1900, 2500, 2710, 2439. म्हणजे पन्नास वर्षं चढ आणि मग उतार. ब्रेक दाबल्यावरही भरलेली मालगाडी बरंच अंतर पुढं जाते, तसंच. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. नॅथन कीफिट्झ या लोकसंख्याशास्त्रज्ञानं 1971 साली त्याचं सूत्र मांडलं. त्याचं सुटसुटीत रूप असं: माणशी वार्षिक जन्मदराला सरासरी आयुर्मानानं गुणा आणि निव्वळ पुनरुत्पादन दराच्या वर्गमुळानं भागा. जन्मदर 0.035, आयुर्मान 60 आणि तो दर (म्हणजे एका बाईमागे पुढच्या पिढीत तिची जागा घेणाऱ्या मुली) 1.8 धरला, तर उत्तर जवळपास 1.57 येतं. याचा अर्थ, आज जननदर एकदम समतोलाला, म्हणजे 2.1च्या आसपास, आणला तरी लोकसंख्या 57 टक्के वाढूनच थांबेल. हे वर्गमूळ कुठून आलं ते मी काकांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी तपकिरीची डबी काढली.

कागदी वाडीवर विश्वास नसेल तर चीन पाहा. तिथला जननदर 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच 2.1च्या खाली गेला, पण लोकसंख्या प्रत्यक्ष घटू लागली ती 2022 साली. तीस वर्षं गाडी नुसती घरंगळत होती. आता तीच गाडी उलट्या दिशेनं निघाली आहे: आईबापच कमी, त्यामुळे प्रत्येकी जास्त मुलं झाली तरी घट लगेच थांबत नाही. म्हणून 'अमुक कायदा करा, पाच वर्षांत लोकसंख्या आटोक्यात' असं सांगणारे फॉरवर्ड आले की मला हसू येतं. पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक आया आधीच जन्मलेल्या आहेत, कायदा त्यांची संख्या कशी बदलणार?

"बरं," काका म्हणाले, "पण आमची शाळा?"

ते प्रकरण वेगळं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 4.8 टक्क्यांनी घटली, तर तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची 36 टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, म्हणजे पुरुष कुठं गेले ते उघड आहे. आता तर तरुण जोडपीच्या जोडपी जातात आणि मुलं व्हायचं वय सोबत घेऊन जातात. आम्ही बोलत होतो तेव्हा अंगणात चाकरमान्यांची आठ-दहा पोरं फुगडी घालत होती. जन्मदाखले सगळ्यांचे दिवा आणि डोंबिवलीचे.