बॅटरसी आणि बँकसाइड: टेम्सकाठची दोन जुनी वीजकेंद्रे

लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिण तीरावर विटांनी बांधलेली दोन प्रचंड वीजकेंद्रे आहेत. दोन्हींच्या बाह्यरूपावर सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या एकाच वास्तुविशारदाचा ठसा आहे, दोन्हींतली वीजनिर्मिती कधीच थांबली आहे आणि आज दोन्हीकडे लोकांची वर्दळ असते. त्यामुळे बॅटरसी आणि बँकसाइड यांची गल्लत सहज होते. बाहेरून ओळखण्याची खूण सोपी आहे. बॅटरसीच्या कोपऱ्यांवर चार पांढरी धुरांडी आहेत, तर बँकसाइडला मधोमध एकच, विटांचे. ९९ मीटर उंचीचे हे धुरांडे नदीपलीकडच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटापेक्षा मुद्दाम ठेंगणे ठेवलेले आहे.

खरा फरक मात्र आत शिरल्यावर कळतो. बँकसाइड १९८१ मध्ये बंद पडले आणि २००० मध्ये तिथे ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय सुरू झाले. वास्तुविशारद हर्झोग आणि द मुरों यांनी यंत्रे हलवल्यावर उरलेले, सुमारे १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच टर्बाइन दालन मजले घालून भरून टाकले नाही, मोकळेच ठेवले. माझ्या मते या संपूर्ण रूपांतरातला सर्वांत धाडसी निर्णय हाच होय, कारण त्या मोकळेपणामुळेच २००३ मध्ये ओलाफर एलियासन हा कलाकार तिथे कृत्रिम सूर्य उभारू शकला आणि तो पाहायला आलेली माणसे जमिनीवर निवांत पहुडली. कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिकीट लागत नाही.

बॅटरसीची वाट फार खडतर होती. १९८० मध्ये या इमारतीला वारसा म्हणून कायदेशीर संरक्षण मिळाले, १९८३ मध्ये ती बंद झाली. पुढे मनोरंजन उद्यानाच्या योजनेसाठी छप्पर काढले गेले, १९८९ मध्ये पैशाअभावी काम थांबले आणि वास्तू कित्येक वर्षे उघडी पडून राहिली. २०१२ मध्ये मलेशियन गुंतवणूकदारांनी ती विकत घेतली. खराब झालेली धुरांडी पाडून पूर्वीसारखीच पुन्हा बांधण्यात आली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये इमारत खुली झाली. इथल्या दोन्ही टर्बाइन दालनांत दुकाने आहेत, इतरत्र कार्यालये आणि सदनिका आहेत, आणि एका धुरांड्यातून तिकीट काढून लिफ्टने १०९ मीटर उंचीवर जाता येते. इतक्या मोडकळीला आलेली इमारत वाचवण्याचा खर्च विक्री आणि भाड्यातूनच उभा राहणार होता, हे समजण्यासारखे आहे. तरीही काही विकत न घेता तासन्‌तास रेंगाळायचे असेल, तर बँकसाइडच गाठावे.