अनाक क्राकाताऊ : ढगांआडून दिसलेलं बेट

२२ डिसेंबर २०१८ च्या रात्री नऊच्या सुमारास इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटाचा नैर्ऋत्य उतार समुद्रात कोसळला. त्यातून उठलेल्या त्सुनामीने जावा आणि सुमात्राच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक बळी घेतले. इशारा यंत्रणा भूकंपाच्या नोंदींवर बेतलेली होती आणि मोठा भूकंप झालाच नव्हता, त्यामुळे लोकांना आधी सूचना मिळाली नाही.

या घटनेचं मूळ १८८३ मध्ये आहे. त्या ऑगस्टमधल्या महास्फोटात जुन्या क्राकाताऊचा मोठा भाग खचला, छत्तीस हजारांहून अधिक माणसं गेली आणि सुंदा सामुद्रधुनीच्या तळाशी कढईसारखा खोल खड्डा, म्हणजे कॅल्डेरा, उरला. १९२७ मध्ये त्याच्या ईशान्य काठाजवळ नवा ज्वालामुखी डोकं वर काढू लागला. इंडोनेशियन भाषेत ‘अनाक’ म्हणजे मूल. राख आणि लाव्हा साचत शंकू ३३८ मीटरपर्यंत वाढला, पण त्याचा पाया एकसारखा नव्हता. ईशान्येला उथळ तळाचा आधार होता, तर नैर्ऋत्येला सुमारे अडीचशे मीटर खोल कॅल्डेरा. हा उतार कोसळला तर किती मोठी लाट उठेल, याचं संगणकीय प्रारूप २०१२ मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

दुर्घटनेनंतर ढग आणि राखेमुळे साध्या प्रकाशातल्या प्रतिमांत बेट दिसेना. जपानचा हवामान उपग्रह हिमावारी-८ तेव्हा दर दहा मिनिटांनी चित्र घेत होता आणि त्यात राख-वाफेचा स्तंभ स्पष्ट दिसला. मात्र त्याच्या उष्णताविषयक प्रतिमेतला एक ठिपका दोन किलोमीटरचा, आणि बेटही साधारण तेवढंच! आकार कळला तो युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहामुळे. कोसळल्यानंतर सुमारे आठ तासांनी त्याच्या रडारने बेट टिपलं. त्याच्या सुमारे ५.५ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढग आणि राख भेदून जातात.

रडारचं चित्र छायाचित्रासारखं वाचलं तर फसगत होते. संथ पाणी लहरी दूर परावर्तित करतं, म्हणून काळं दिसतं. खडबडीत लाव्हा उजळ दिसतो. रडार तिरकं पाहत असल्याने शिखर उपग्रहाच्या दिशेला झुकल्यासारखं उमटतं, समोरचा उतार आक्रसतो आणि मागे सावली पडते. म्हणून आधीची आणि नंतरची प्रतिमा एकाच कक्षेतून, एकाच दिशेने घेतलेली हवी. नाहीतर नुसता कोन बदलल्यानेही डोंगर तुटल्याचा भास होतो.

दोन प्रतिमांमधल्या लहरींच्या कलेतला, म्हणजे चढ-उताराच्या टप्प्यातला, फरक मोजला की जमिनीची सरकण सेंटिमीटरमध्ये कळते. जुन्या प्रतिमा अशा ताडून पाहिल्यावर हा उतार आधीचे कित्येक महिने समुद्राकडे सरकत होता, हे उघड झालं. ताजी राख पसरली की मात्र पृष्ठभाग बदलतो आणि ही तुलना निकामी होते. उद्रेक जोरात असताना नेमकं हेच घडतं.

उंची ११० मीटरवर आली, पण ती सगळी त्या एका रात्रीत गेली असं समजू नये. उतार कोसळल्यावर समुद्राचं पाणी थेट तप्त शिलारसाला भिडलं आणि पुढच्या दिवसांतल्या स्फोटांनी उरलेला शंकूही खाल्ला. जानेवारी २०१९ मध्ये ढग विरळ झाले तेव्हा विवराभोवती नव्या राखेचं कडं तयार होऊन आत तळं साचलं होतं. भोवतालचा समुद्र नारिंगी-तपकिरी झाला होता. ज्वालामुखीतून झिरपणाऱ्या गरम पाण्यातलं लोह समुद्रात मिसळून साक्याच्या रूपाने वेगळं होतं, त्याचा तो रंग.