विदर्भातील ग्रामीण रेल्वे नियोजन

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील लहान स्थानके, शाखा-मार्ग आणि पॅसेंजर गाड्या यांचे पुढे काय करायचे, हे ठरवणारी सरकारी प्रक्रिया. नवे मार्ग, गेजबदल (दोन रुळांमधले अंतर बदलणे), दुहेरीकरण, थांबे आणि वेळापत्रक हे सारे तिच्यात येते. रेल्वे हा संघसूचीतील विषय असल्याने अंतिम शब्द दिल्लीचा. राज्य शासन खर्चाचा वाटा उचलून आणि जमीन मिळवून देऊन प्रकल्प पुढे रेटू शकते, त्यापलीकडे त्याच्या हातात फारसे नाही. प्रदेशाची वाटणीही अडचणीची आहे. मुंबई, बिलासपूर आणि सिकंदराबाद अशा तीन ठिकाणी मुख्यालये असलेल्या क्षेत्रीय रेल्वे इथे चालतात, आणि एकट्या नागपुरात मध्य रेल्वेचा एक आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा एक असे दोन विभागीय व्यवस्थापक बसतात.

विदर्भात रेल्वे आली ती माल बाहेर नेण्यासाठी. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब–खामगाव या कापसाच्या फाट्याचे उद्घाटन केले. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून दक्षिणेकडे रूळ गेले. आधी कापूस, मग कोळसा आणि शेवटी माणूस, हा क्रम आजही फार बदललेला दिसत नाही. बुलढाणा आणि गडचिरोली ही जिल्ह्याची ठिकाणे रेल्वेविना राहिली. यवतमाळला मिळाली ती छोट्या गेजची गाडी. भंडाऱ्याचे ‘भंडारा रोड’ स्थानक गावाबाहेर वरठीला आहे.

नव्या मार्गाचा प्रवास सर्वेक्षणाने सुरू होतो. आधी रहदारीचा अंदाज, मग अंतिम स्थाननिश्चिती (रूळ नेमके कुठून जाणार हे ठरवणे), मग सविस्तर प्रकल्प अहवाल. मार्ग परवडतो की नाही, हे ठरवताना गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा हा उंबरठा दीर्घकाळ धरला गेला. कपाशी-तुरीच्या पट्ट्यातला, तालुक्याच्या बाजाराला आणि दवाखान्याला जाणारा प्रवासी हा उंबरठा ओलांडून देत नाही. म्हणून राज्याने खर्च वाटून घेण्याची वाट निघाली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किमी मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के आहे, खामगाव–जालन्यासाठी निम्मा खर्च सोसण्याची तयारी राज्याने दाखवली आहे. खामगाव–जालन्याची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. प्रत्येक निवडणुकीत ती नव्याने धुऊन वाळत घातली जाते.

पैसा मंजूर झाला की खरे काम वावरात सुरू होते. ‘विशेष रेल्वे प्रकल्प’ जाहीर झालेल्या मार्गासाठी, रेल्वे अधिनियमात २००८ मध्ये घातलेल्या प्रकरणानुसार जमीन घेतली जाते. संयुक्त मोजणीच्या दिवशी भूकरमापक, तलाठी, कृषी खात्याचा माणूस आणि रेल्वेचा अभियंता धुऱ्यावर उभे असतात. विहीर, पाइपलाइन, सागाची व संत्र्याची झाडे वयानुसार मोजली जातात. मोबदल्याचा आकडा हा भांडणाचा एक भाग. दुसरा भाग कागदावर नीट उतरत नाही : शेताचा गट मधोमध चिरला जातो, विहीर रुळाच्या अलीकडे आणि वावर पलीकडे राहते. पूर्वी फाटक असे. आता नव्या मार्गावर फाटक ठेवतच नाहीत, पांदणीच्या जागी भुयारी मार्ग देतात. काळ्या मातीत त्यात पावसाळ्यात पाणी तुंबते आणि बैलबंडी दोन गावांचा फेरा घालून जाते. आराखडा करणाऱ्याने एकदा श्रावणात तिथून चालत जावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

वर्धा–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमात सुरू झाला. प्रकल्प मंजूर होऊन तोवर दीड दशक उलटले होते. वडसा (देसाईगंज) हे गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव स्थानक. तिथून गडचिरोलीपर्यंतचा सुमारे ५२ किमी मार्ग राखीव जंगलातून जातो, त्यामुळे वनपरवानगीत वर्षे गेली. अकोला–खंडवा या मीटरगेज मार्गाची गोष्ट उलट आहे. रूळ आधीच मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होते, प्रश्न ते रुंद करायचे की नाही, हा होता. अकोला–अकोट भाग २०२२ मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाला. पुढचा मार्ग मेळघाटाला वळसा घालून संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतून नेण्याची भूमिका राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतली. त्यात वाघ वाचतो आणि जास्त वस्तीची गावेही रुळाला लागतात. वळशाचा खर्च वाढतो हे खरे, तरी हा निर्णय या यादीतला सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल.

गेजबदलाची दुसरी बाजू म्हणजे काम चालू असेतो गाडी बंद राहणे. नागपूर–नागभीड ही छोट्या गेजची गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करून काम ‘महारेल’कडे, म्हणजे राज्य शासन व रेल्वे मंत्रालयाच्या संयुक्त कंपनीकडे देण्यात आले. उमरेड, भिवापूरच्या लोकांनी मधल्या वर्षांत एसटी आणि काळीपिवळीवर भागवले. गाडी बंद असतानाच्या काळात लोकांनी काय करायचे, याचे उत्तर प्रकल्प अहवालात नसते.

मूर्तिजापूरहून यवतमाळ (११३ किमी) आणि अचलपूरला (७६ किमी) जाणारी छोट्या गेजची गाडी ‘शकुंतला’ हे या विषयातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीची आणि चालवणे सरकारी रेल्वेचे, अशी ही विचित्र जोडी. वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निघाले, डिझेल लागले, मार्गाची दुरुस्ती मात्र मागेच पडत गेली आणि शेवटी गाडी थांबली. गेजबदलाची घोषणा २०१६ मध्ये झाली, मालकीचा गुंता तेव्हाही सोबत होता. गाडी थांबलेली असताना मूर्तिजापूर स्थानकाचे अमृत भारत योजनेतून नूतनीकरण झाले आणि मे २०२५ मध्ये लोकार्पणही. स्थानक आधी आणि शाखा-मार्ग केव्हातरी, असा हा क्रम.

मुख्य मार्गांचा वेग याच्याशी ताडून पाहावा. गोंदिया–बल्लारशाह दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. वर्धा–भुसावळ तिसरी व चौथी मार्गिका त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. राष्ट्रीय रेल्वे योजनेत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे, आणि कोळशाच्या गाड्या याच मार्गांनी धावतात. गावकऱ्यालाही याचा फायदा होऊ शकतो. एकेरी मार्गावर पॅसेंजर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करून मालगाडी पुढे काढतात, दुसरा रूळ आला की ते टळते. पण मोकळी झालेली जागा मेमूला (जवळच्या अंतराच्या विजेवरील पॅसेंजर गाडीला) मिळेल की आणखी एका मालगाडीला, हे मंजुरीच्या कागदात लिहिलेले नाही. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडकडे वातानुकूलित ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याचा महामेट्रोचा (नागपूर मेट्रो चालवणाऱ्या कंपनीचा) प्रस्ताव २०१८ पासून आहे. तिचे तिकीट शेतमजुराला परवडेल का, हा प्रश्न त्यात मागेच पडला.

कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना ‘स्पेशल’ किंवा ‘एक्स्प्रेस’ म्हणून चालवले गेले आणि १० रुपयांचे किमान भाडे ३० झाले. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ववत झाले, बंद पडलेले सगळे थांबे मात्र परत आले नाहीत. थांब्याची मागणी खासदारामार्फत किंवा विभागीय सल्लागार समितीत मांडावी लागते. मिळालाच तर तो ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असतो आणि पुढे तिकीटविक्रीवर तोलला जातो. म्हणून थांबा मिळालेल्या गावात जाणती माणसे पोरांना बजावतात, एका स्टेशनापुरते जायचे असले तरी तिकीट काढूनच बसा.