मांडवी ते निक्षय: साथीची खबर आणि खासगी डॉक्टर
मुंबईत प्लेग आल्याची पहिली खबर सरकारी दवाखान्यातून आलेली नव्हती. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीत तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या जांघेतील गाठी तपासून हा ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान केले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे आणि मुंबईत खासगी व्यवसाय करणारे. महापालिकेचे सदस्य असल्यामुळे त्यांचे म्हणणे थेट महापालिकेपर्यंत पोहोचले. असा योग पुढच्या काळात फार थोड्या डॉक्टरांच्या वाट्याला आला. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

त्यानंतर जे घडले त्याने मात्र खबर देण्याच्या कामालाच बट्टा लागला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला अमर्याद म्हणावे असे अधिकार दिले, आदेश मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण दिले. रुग्ण कळला की घराची झडती, सामानाची नासधूस आणि रुग्णाची सक्तीने रवानगी, असा क्रम असल्यामुळे लोक आजारी माणूस लपवू लागले, आणि रुग्ण कळवणारा डॉक्टर त्यांच्या लेखी सरकारचा खबऱ्या ठरू लागला. इंग्लंडमध्ये १८८९च्या कायद्याने खासगी रुग्ण कळवल्याबद्दल डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत; वसाहतीतील कायद्याचा सारा भर मात्र आदेश आणि शिक्षेवर होता. कळवणाऱ्याला बदल्यात काय मिळणार, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटला तो सुटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारी आरोग्ययंत्रणा प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि आरोग्य सेवकांच्या मार्गाने वाढली, तर ताप-खोकल्याचा रुग्ण आधी गाठत राहिला तो गल्लीतला खासगी दवाखाना. सरकारचे आकडे सरकारी रुग्णांचेच राहिले. या कोंडीतून वाट काढणारा एक महत्त्वाचा प्रयोग तामिळनाडूतील उत्तर अर्काट जिल्ह्यात झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात खासगी व मिशनरी रुग्णालयांना छापील पोस्टकार्डे दिली. ठरावीक आजारांपैकी एखादा दिसला की डॉक्टरने कार्ड भरायचे आणि पेटीत टाकायचे. याहून महत्त्वाचे म्हणजे, जिल्ह्यात काय चालले आहे हे सांगणारे मासिक पत्रक त्याच डॉक्टरांकडे परत जात असे. माझ्या मते या प्रयोगाचे मर्म या परतीच्या टपालात आहे. पुढे केरळात कोट्टयम जिल्ह्यात हाच नमुना राबवला गेला.

पोलिओ निर्मूलनानेही तोच धडा वेगळ्या रीतीने दिला. १९९७मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाल्यावर पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला की खासगी बालरोगतज्ज्ञाने फक्त कळवायचे होते. तपासणी, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने आणि प्रयोगशाळा, ही सारी धावपळ प्रकल्पाच्या माणसांची.

दरम्यान १९९४मध्ये सुरतमधील प्लेगने देशाची रोगनिरीक्षण यंत्रणा किती पोकळ आहे हे उघडे पाडले होते. २००४मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. त्यात आरोग्य सेवकांसाठी ‘एस’, डॉक्टरांसाठी ‘पी’ आणि प्रयोगशाळांसाठी ‘एल’ असे दर आठवड्याला भरायचे फॉर्म ठरले. संध्याकाळी बाकावर साठ-सत्तर रुग्ण ताटकळत असताना एकट्या डॉक्टरने ‘पी’ फॉर्म भरत बसावा, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. खासगी सहभाग तोकडाच राहिला.

क्षयरोगात सक्तीची वाट धरली गेली. मुंबईतील एका खासगी रुग्णालयातील डॉक्टरांनी कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण नोंदवल्याने जानेवारी २०१२मध्ये मोठी खळबळ उडाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले. नोंदींसाठी ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली आली. तरीही २०१३मध्ये खासगी क्षेत्रातून देशभरात जेमतेम ३८ हजारांच्या आसपास नोंदी आल्या. रुग्णाची गुप्तता आणि तो हातचा जाण्याची धास्ती, दोन्ही खऱ्या होत्या. २०१४पासून मुंबई, पाटणा आणि मेहसाणा येथे वेगळे धोरण आजमावले गेले: नोंद करण्याचे काम प्रकल्पाचे कर्मचारी करणार, आणि रुग्ण आपल्याच डॉक्टरकडे राहून खासगी केमिस्टकडून मोफत औषधे घेणार. २०१८मध्ये एकीकडे नोंद टाळणाऱ्यांना तुरुंगवासाची भीती दाखवणारी अधिसूचना निघाली, तर दुसरीकडे नोंदीसाठी ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये डॉक्टरला देण्याची व्यवस्था झाली. २०१९मध्ये खासगी नोंदी ६ लाख ७८ हजारांवर गेल्या. ही वाढ शिक्षेच्या धाकाची की कामाचा भार उचलल्याची, यावर मतभेद आहेत. मला दुसरे कारण अधिक पटते.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही पहिली चाहूल लागली ती खासगी रुग्णालयांना. या आजाराने मूल लुळे पडले तर पोलिओच्या जुन्या व्यवस्थेमुळे ते कळवले जाते. पुण्यातील रुग्णांत मात्र प्रौढही मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यासाठी असा कोणताही रुळलेला रस्ता तेव्हा नव्हता.