औषध खायचं गाईनं, अडवायची शेणातली अळी

अमेरिकेत कुरणावर चरणाऱ्या गाईंच्या पाठीवर उन्हाळ्यात बारीक काळ्या माश्या शेकड्यांनी बसलेल्या असतात, ती हॉर्न फ्लाय. नर-मादी दोघंही रक्त पितात, दिवसाला २० ते ४० वेळा, आणि रात्रंदिवस मुक्काम जनावरावरच. एका गाईवर २०० च्या वर माश्या झाल्या की उपाय करणं परवडतं असं तिथले कीटकतज्ज्ञ धरतात, कारण गाय शेपटी मारण्यात आणि पाय आपटण्यात दमते, नीट चरत नाही, मग वासराला दूध कमी पडतं.

पण ही माशी गाईवरून उतरते ती अंडी घालायला, आणि तेही फक्त ताज्या शेणावर, पो पडल्यापडल्या काही मिनिटांत. शिळ्या शेणाकडे ती बघतही नाही. अळी त्याच पोमध्ये वाढते आणि १० ते २० दिवसांत नवी माशी तयार! मग औषध थेट शेणात पोचवायचं तर सोपा रस्ता गाईच्या तोंडातूनच, मिनरल मिक्श्चरमध्ये (जनावरांना देतात त्या क्षारांच्या मिश्रणात) मिसळून, म्हणजे त्यातलं पुरेसं औषध न पचता शेणातून बाहेर पडतं.

अशा औषधांपैकी मेथोप्रीन मला फार आवडतं. कीटकांच्या शरीरात ज्युव्हेनाइल हार्मोन असतं, ते आहे तोवर अळीची माशी होत नाही, आणि मेथोप्रीन त्याचीच नक्कल करतं, त्यामुळे कोषातून माशी बाहेरच येत नाही. १९६० च्या दशकात प्रागहून हार्वर्डला नेलेले किडे काही केल्या प्रौढ होईनात, शोधाशोध केल्यावर कळलं की डब्यात अंथरलेल्या पेपर टॉवेलमध्येच, म्हणजे ज्या बाल्सम फर झाडाचा तो कागद होता त्यात, या हार्मोनसारखं द्रव्य आहे. काय भारी शोध आहे हा! दुसरं औषध डायफ्लुबेंझुरॉन, ते अळीला कात टाकताना नवं कवच धड बनवू देत नाही.

अडचणी आहेतच. उडणाऱ्या माश्या याने मरत नाहीत, म्हणून माश्यांचा सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधीपासून द्यावं लागतं. प्रत्येक गाईनं ते रोज ठरलेल्या प्रमाणात खायला हवं, आणि मिनरल काही गाई भरपूर खातात तर काही तोंडही लावत नाहीत. शेजारच्या कळपाला औषध नसेल तर तिथल्या माश्या उडत येतातच, त्यामुळे माझ्या मते आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच पैसे वसूल. आणि पायांना चावणारी स्टेबल फ्लाय असेल तर हा खर्च करूच नये, ती कुजलेल्या ओल्या गवतात वाढते, तिथं साफसफाईच करावी लागते.