चित्रपटसृष्टीला शासकीय साहाय्य आणि सोलापूर

चित्रपटाची निर्मिती, शिक्षण, जतन आणि प्रदर्शन यांसाठी शासनाकडून मिळणारे कर्ज, अनुदान, करसवलत, जागा व पारितोषिके यांना मिळून 'शासकीय साहाय्य' म्हणतात. मोठे स्टुडिओ मुंबई, पुणे आणि कोल्हापुरात उभे राहिले. गिरणीची पाळी सुटली की थिएटरकडे वळणारा प्रेक्षक मात्र सोलापुरात होता. या जिल्ह्याने चित्रपटांना पैसा दिला तो तिकिटाच्या खिडकीवर, आणि माणसे दिली तीही पुष्कळ. त्यामुळे शासनाची मदत कुठवर पोहोचते आणि कुठे अडते, हे येथून चांगले दिसते.

ब्रिटिश अमलात सरकारचा चित्रपटाशी संबंध मुख्यतः सेन्सॉर आणि नियंत्रणाचा होता. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मचे वाटपही सरकारच्या हाती गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, तो या काळातला. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात कर्ज देणारे महामंडळ आणि प्रशिक्षण संस्था सुचवल्या. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात, चित्रपट संस्था सुरू झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. १९७५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ निघाले आणि पुढे फायनान्स कॉर्पोरेशन त्यातच विलीन झाले.

महाराष्ट्राची सर्वांत परिणामकारक योजना करपरताव्याची होती. ती १९७५ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या तिकिटावर मूळ दर वेगळा आणि करमणूक कर वेगळा छापलेला असे. प्रेक्षकाने भरलेला हा कर तिजोरीत जाई आणि मराठी निर्मात्याने पुढचा चित्रपट हाती घेतला की त्याला परत मिळे. म्हणजे सोलापूरच्या पिटात, म्हणजे थिएटरातल्या सर्वांत स्वस्त जागेवर, बसलेल्या विडी कामगाराच्या पैशातूनच पुढच्या मराठी चित्रपटाचे भांडवल उभे राहत होते. यापेक्षा सरळ मदत क्वचितच कुठल्या सरकारने आखली असेल. मात्र चित्रपट चालला तरच परतावा, ही तिची मर्यादा होती. वेगळा विषय घेणारा, थोड्याच खेळांत उतरलेला चित्रपट कोरडाच राही. पुढे परताव्याच्या जागी दर्जानुसार अनुदान आले. त्यात परीक्षण समिती चित्रपट पाहून 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख रुपये ठरवी. त्यामुळे गल्ल्याचा निकष मागे पडला आणि समितीचे मत निर्णायक झाले. शिवाय ही रक्कम चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळत असल्याने आधीचा खर्च निर्मात्याला स्वतःच उभा करावा लागे. गावाकडच्या नवख्यासाठी खरी अडचण हीच असते.

सोलापुरात शाळा शिकलेले दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) हा शासकीय निधीचे मोठे उदाहरण आहे. केंद्राचे सामाजिक न्याय मंत्रालय आणि महाराष्ट्र शासन या दोघांनी त्यासाठी पैसा दिला. एवढ्या विस्ताराचा चरित्रपट खासगी भांडवलावर उभा राहणे अवघडच होते. सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर घडलेले अतुल कुलकर्णी यांना राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री'लाही तो लाभला. 'सैराट'चे (२०१६) बरेच चित्रीकरण करमाळा परिसरात झाले आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. पुरस्काराची रक्कम लहान असते. पण ज्याच्यामागे घराणे नाही, स्टुडिओ नाही, त्याच्यासाठी ते पदक पुढच्या निर्मात्याच्या दारातले ओळखपत्र ठरते. या मदतीचे मोल रुपयांत मोजू नये.

प्रदर्शनाची बाजू मात्र कायम दुबळी राहिली. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून आहे आणि कोल्हापूरलाही चित्रनगरी झाली. तालुक्याच्या गावातला पडदा टिकवण्यासाठी तसे जोरकस काही घडले नाही. जत्रांमधून तंबू टाकून, लोखंडी पेट्यांत रिळे नेऊन खेळ करणारे फिरते सिनेमेही ओसरले. शहरात एकपडदा थिएटर मोडकळीला येत असताना मल्टिप्लेक्सच्या प्राइम टाइमला मराठी चित्रपट लावण्याचा आग्रह २०१५ मध्ये शासनाने धरला. करमाळ्याला किंवा सांगोल्याला त्याचा काय उपयोग?

सोलापूरची आणखी एक खासियत म्हणजे पूर्व भागातील तेलुगू भाषक वस्ती. यंत्रमागावर राबणाऱ्या या कुटुंबांचा ओढा तेलुगू चित्रपटाकडे असतो. त्या चित्रपटसृष्टीला तिच्या राज्याने वाढवले. या कुटुंबांच्या तिकिटावरचा कर मात्र महाराष्ट्राच्या तिजोरीत पडे. २०१७ मध्ये करमणूक कर वस्तू व सेवा करात विरघळला, तेव्हा मराठी चित्रपटांना त्या करातून मिळणारी माफीही गेली. सुरुवातीला १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१९ मध्ये हे दर १२ आणि १८ टक्के झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा दर ५ टक्क्यांवर आला.