राख ताजी की जुनी? ज्वालामुखीच्या इशाऱ्यांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख वाऱ्यावरून भारतापर्यंत आली, काही विमानं रद्द झाली, आणि आपल्याकडं असं होईल का, हा प्रश्न कोल्हापुरातही निघाला. जोतिबा, पन्हाळा ज्या काळ्या दगडाचे, तो लाव्हाच. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पातळ होता. बहुतांशी भेगांतून वर येऊन थरावर थर पसरत गेला. स्फोटक ज्वालामुखीची जातच वेगळी. त्याचा शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, घट्ट, वायू आत कोंडलेला. तो सुटताना रसाचाच चुरा होतो, आणि त्या चुऱ्याला आपण राख म्हणतो.

या शब्दानं फसायला होतं. चुलीतली राख जळून उरते. ही मात्र काच आणि दगड यांची भुकटी असते. सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या बाटलीच्या कपच्यांसारख्या तिच्या कडा दिसतात. 1982 मध्ये जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या प्रवासी विमानाची चारही इंजिनं बंद पडली. हीच काच आत वितळून चिकटली होती. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला अशाच राखेचा थर सापडला. तो इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा की त्याहून कितीतरी जुना, यावर अभ्यासकांचं एकमत नव्हतं.

इ.स. 79 चा व्हेसुव्हियस, 1883 चा क्राकाटोआ सर्वांना ठाऊक आहेत. अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती 8 मे 1902 नंतर. त्या सकाळी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले ज्वालामुखीवरून तापलेली राख आणि वायू यांचा लोट उतरला आणि सेंट पिएर शहरातले सुमारे 28 हजार लोक काही मिनिटांत गेले. लाव्हा गावापर्यंत येण्याची गरजच नसते, हे तेव्हा कळलं.

1976 चा वाद समजायला हे लक्षात ठेवावं लागतं. शेजारच्या ग्वादलूप बेटावर सूफ्रिएर ज्वालामुखीमधून जुलैत वाफेचे स्फोट सुरू झाले. सगळं अडलं एका प्रश्नावर: उडालेल्या राखेत नव्या शिलारसाची काच आहे, की जुन्याच खडकाचं पीठ? काच ताजी असेल तर शिलारस वर चढतोय, म्हणजे पुन्हा 1902. शास्त्रज्ञांच्या एका गटाला ती ताजी दिसली. दुसरा गट म्हणत होता, ही नुसती वाफ आहे. भांडण वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. 15 ऑगस्टला सुमारे 70 हजार लोकांना हलवायला सुरुवात झाली. शेती, शाळा, धंदे टाकून ते महिनोन्‌महिने बाहेर राहिले. मोठा स्फोट झालाच नाही, आणि ती काचही ताजी नव्हती, असं ठरलं.

तेव्हापासून लोकांना हलवण्याचा हा निर्णय चुकलेल्या निर्णयाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. काचेचं निदान चुकलं हे खरं, पण त्या ऑगस्टमध्ये धोका नाही असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा दुसऱ्या गटाकडंही नव्हता. आपल्याकडं कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. आकडा डोळ्यांसमोर असतो, तरी 2019 च्या महापुरात गोठ्यातली जनावरं सोडून निघायला अनेकांचा पाय उचलत नव्हता. ज्वालामुखीच्या पोटात तर अशी फूटपट्टीच लावता येत नाही.

उलट बाजूची किंमत 13 नोव्हेंबर 1985 ला कळली. कोलंबियातल्या नेवाडो देल रुइझचा उद्रेक तसा मध्यम होता, पण शिखरावरचं बर्फ वितळून राखचिखलाचा लोंढा निघाला. त्याला लाहार म्हणतात. तो आर्मेरोला पोहोचायला अडीचएक तास लागले. लोंढ्याच्या वाटेत हे गाव दाखवणारा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. दुपारी गावावर राख पडत असताना लोकांना घरात थांबायला सांगितलं गेलं. 20 हजारांहून जास्त माणसं त्या रात्री गेली.

त्यानंतर धोके समजावणारी चित्रफीत तयार झाली. 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोभोवती ती अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली. तिच्यासाठी चित्रण करणारं दांपत्य 3 जूनला जपानमधल्या उन्झेनवर तप्त राखेच्या लोटात सापडून गेलं. पिनातुबोचा मुख्य स्फोट 15 जूनचा. त्याआधी हजारो कुटुंबं हलवली होती. जे दगावले त्यांतले बरेचसे घरातच, वादळी पावसानं भिजून जड झालेल्या राखेनं छप्पर खाली आल्यामुळं. पुढं कित्येक वर्षं पावसाळा लागला की डोंगरावरची राख लाहार होऊन उतरायची. तिथल्या बाकोलोर गावाचं चर्च 1995 मध्ये निम्म्या उंचीपर्यंत गाडलं गेलं. जिथं खिडक्या होत्या, तिथून आता लोक आत जातात.